जुनं डॉस आज कशाला लागतं? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यात जुने कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम करतो. भोसरी-चिंचवडच्या शॉपमधले, वजनकाट्यांवरचे, पेठांतल्या छापखान्यांतले आणि कधीकधी कुणाच्या माळ्यावरचे. फोनवर प्रश्न तेच तेच येतात आणि मशीनसमोर उभं राहून घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून ती उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून वापरायची ऑपरेटिंग सिस्टिम.

नेमकं सांगा, डॉस आज उपयोगाचं आहे की नाही?

ज्या कामासाठी ते बसवलं ते काम बदललं नसेल, तर आहे. काम बदललं असेल, तर नाही.

वजनकाटा घ्या. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, इंडिकेटरमधून सिरियल केबलने वजन कॉम्प्युटरात येतं, प्रोग्रॅम त्याला तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर जोडतो. गाडी रिकामी होऊन परत आली की दुसरं वजन, वजाबाकी, आणि डॉट मॅट्रिक्सवर कार्बनच्या तीन प्रती. हे काम १९९५ मध्ये असंच चालायचं आणि आजही असंच चालतं. त्याला विंडोज लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

त्याच काट्याच्या ऑफिसात हिशेबासाठी डॉसवरची टॅली ४.५ असेल, तर तिचं काम मात्र संपलं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विवरणपत्रं पोर्टलवर गेली, आणि हिशेबाचं काम मुळातूनच बदललं. एकाच खोलीतल्या दोन कॉम्प्युटरांना मी दोन वेगळी उत्तरं देतो ती यामुळेच. "जुनं आहे म्हणून काढा" आणि "चालतंय ना, मग हात लावू नका" ही दोन्ही वाक्यं मला सारखीच आळशी वाटतात.

पण मशीनवाले डॉसला इतके का चिकटून असतात? विंडोजवर तेच काम होत नाही का?

होतं, पण त्यासाठी वेगळं हार्डवेअर लागतं. कारण समजून घ्या.

डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवतं. तो प्रोग्रॅम सुरू झाला की सगळा कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. त्याने प्रिंटरच्या पोर्टाच्या ३७८ या पत्त्यावर आकडा लिहिला की त्याच क्षणी पोर्टाच्या पिनांवर व्होल्टेज बदलतं. मध्ये कुणाची परवानगी नाही, कुणाची रांग नाही. अनेक जुन्या वायरकट मशीनांचं (तारेने धातू कापणाऱ्या) आणि घरी बनवलेल्या स्टेपर मोटरच्या राउटरचं, म्हणजे कोरीवकामाच्या मशीनचं, नियंत्रण याच गुणावर उभं आहे. प्रोग्रॅम ठरावीक अंतराने पल्स सोडतो आणि प्रत्येक पल्सला मोटर एक पाऊल सरकते.

विंडोज किंवा साधं लिनक्स एकाच वेळी पन्नास कामं करत असतं. तुमच्या प्रोग्रॅमची पाळी येईल, पण ती नेमकी कोणत्या मिलिसेकंदाला येईल याची हमी नसते. पत्र टाइप करताना ते कळतही नाही. डायचा कोपरा कापताना मोटरचं एक पाऊल चुकलं, तर जॉब भंगारात जातो. नव्या मशीनांत पल्स सोडण्याचं काम वेगळ्या कार्डावर दिलेलं असतं आणि विंडोज फक्त चित्र दाखवतं, ते याच कारणाने.

दुसरा फायदा लाइट जाण्याचा. पॉवर आली की डॉसचं मशीन अर्ध्या मिनिटात पुन्हा कामाला लागतं. पण एक खबरदारी: फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली, तर डॉसच्या फाइल-पद्धतीत सावरण्याची सोय नाही. डिस्कवर बेवारस तुकडे उरतात. छोटा यूपीएस लावाच.

दुकानात स्वस्त लॅपटॉपवर 'डॉस' लिहिलेलं असतं. ते घ्यावं का?

त्याचा अर्थ इतकाच की किमतीत विंडोज धरलेलं नाही. आत फ्रीडॉस हे फुकटचं डॉस किंवा तसंच काही नावापुरतं असतं. घरी आणून लिनक्स टाकणार असाल किंवा विंडोजचा परवाना वेगळा घेणार असाल, तर खुशाल घ्या. डॉस वापरण्यासाठी म्हणून घेऊ नका. आजच्या लॅपटॉपांवर जुन्या बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमच्या) जागी यूईएफआय असतं आणि ज्यात जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय काढून टाकली आहे, त्यावर डॉस थेट सुरू होत नाही.

विंडोजमध्ये काळी खिडकी उघडते ते डॉसच ना?

नाही. दिसतं तसं, कमांडही पुष्कळशा त्याच, पण तो विंडोजचाच एक प्रोग्रॅम आहे. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हापासून घरगुती विंडोजच्या पोटातलं डॉस गेलं. ३२ बिटच्या विंडोजमध्ये जुने १६ बिट प्रोग्रॅम चालवायची सोय तरी होती, ६४ बिटच्या विंडोजमध्ये तीही नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचंच आहे. जुना प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून नव्या कॉम्प्युटरवर टाकून डबल क्लिक केल्यावर "हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणार नाही" असं येतं, ते म्हणूनच. प्रोग्रॅम खराब झालेला नसतो.

डॉसच्या खुणा मात्र जागोजागी आहेत. हार्ड डिस्कला सी: का म्हणतात? ए: आणि बी: फ्लॉपीसाठी राखीव होते, आणि ही अक्षरांची पद्धत डॉसनेसुद्धा त्याच्या आधीच्या सीपी/एम मधून घेतली. 'कॉन' नावाचा फोल्डर विंडोजमध्ये बनत नाही, त्यावर गूढ कहाण्या सांगणारे मेसेज फिरत असत. गूढ काही नाही. डॉसमध्ये कॉन हे कीबोर्ड आणि पडद्याचं राखीव नाव आहे, जसं पीआरएन प्रिंटरचं. ते नाव आजवर राखीवच राहिलं.

मग आमचा जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवायचा कसा?

डॉसबॉक्स या फुकट प्रोग्रॅममध्ये बहुतेक चालतो. तो नव्या कॉम्प्युटरच्या आत एक नकली जुना कॉम्प्युटर उभा करतो. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनलं, त्यामुळे कामाच्या प्रोग्रॅमसाठी, विशेषतः प्रिंटिंगसाठी, डॉसबॉक्स-एक्स बरं पडतं. व्हर्च्युअलबॉक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फ्रीडॉस बसवणं हा दुसरा रस्ता.

तीन अडचणी नेहमी येतात. प्रोग्रॅमला प्रिंटरच्या पोर्टावर डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेली छोटी डबी, लागत असेल, तर नकली कॉम्प्युटरात तो सापडत नाही. तिथे खरंच जुनं मशीन ठेवावं लागतं. सिरियल पोर्ट डॉसबॉक्समधून यूएसबी कन्व्हर्टरपर्यंत पोचवता येतो आणि वजनकाट्याला तेवढं पुरतं, पण पल्स सोडणाऱ्या मशीनला पुरत नाही. आणि टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम वेगवान कॉम्प्युटरवर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन मरतात. सुरुवातीला कॉम्प्युटरचा वेग मोजताना त्यांचा भागाकार आवाक्याबाहेर जातो. डॉसबॉक्समध्ये वेग कमी केला की ते चालू लागतात. हा एरर आला म्हणून प्रोग्रॅम टाकून देणारे भेटले आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

आमच्याकडे डॉसच्या काळातली मराठी नावांची यादी आहे. उघडली तर रेघा आणि विचित्र अक्षरं दिसतात. गेली का?

गेली नाही. फार करून ती जशीच्या तशी आहे, आणि हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न आहे, कारण याचं उत्तर पुण्यातच आहे.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली. लोकांना ती परम महासंगणकामुळे माहीत आहे. पण आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून आलेलं जिस्ट कार्ड माझ्या मते सामान्य माणसाच्या जास्त उपयोगी पडलं. हे कार्ड कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसायचं. डीबेससारख्या याद्या ठेवणाऱ्या इंग्रजी प्रोग्रॅमला वाटायचं की आपण नेहमीसारखीच अक्षरं दाखवतो आहोत. कार्ड त्या संकेतांच्या जागी पडद्यावर देवनागरी काढायचं. प्रोग्रॅमला हात न लावता मराठीत याद्या, बिलं, पत्रं करता येऊ लागली.

हे संकेत म्हणजे इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरलेले. इंग्रजी अक्षरांना १२८ च्या खालचे आकडे, आपल्या लिपीला वरचे. 'अ' ला १६४, 'क' ला १७९. कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर तेच आकडे आयबीएमच्या जुन्या अक्षरसंचातून दाखवले जातात. त्यात १७९ म्हणजे चौकटी आखायची उभी रेघ आणि १६४ म्हणजे डोक्यावर नागमोडी असलेला एन. म्हणजे तुमच्या यादीत जिथे उभी रेघ दिसते, तिथे कुणाचा तरी 'क' सुखरूप बसलेला आहे. कांबळे, कुलकर्णी, कदम सगळे आहेत.

ही यादी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या फोन-कॉम्प्युटरांच्या अक्षरसंकेतांत, आणणं अवघड नाही, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच क्रमावर बेतलेली आहे. आकड्याला आकडा लावणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. घोळ होतो तो हलंताशी. इस्कीत दोन हलंत लागोपाठ आले तर पाय मोडलेलं अक्षर दाखवायचं असतं, आणि हलंतापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आला तर अर्धं अक्षर. साध्या बदलीत हे सुटतं आणि मग शब्द फुटतात. माझी परीक्षा ठरलेली आहे: रूपांतर झालं की यादीत 'कऱ्हाड' आणि 'गोऱ्हे' शोधायचे. ते नीट आले की बाकीचं सहसा नीट असतं.

आणखी एक. इस्कीत एका संकेताला एक बाइट लागते, युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. जुन्या डेटाबेसमध्ये नावाचा रकाना ३० बाइटांचा असेल, तर नवा ९० चा ठेवा. नाही ठेवला, तर लांब नावांची शेपटं तुटतात आणि हे सहा महिन्यांनी लक्षात येतं.

तुमची फाइल डॉसची नसून विंडोजच्या जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली असेल, तर प्रकरण वेगळं. तिथे अक्षरांचे नाही, त्यांच्या तुकड्यांचे संकेत असतात आणि फॉन्टागणिक तक्ता बदलतो. आधी फॉन्टचं नाव शोधा.

कपाटात फ्लॉप्या सापडल्या. त्यावर पांढरे ठिपके आहेत. घालून बघू का?

कृपा करून घालू नका.

ते ठिपके बुरशीचे. चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या फ्लॉपीला पुण्याच्या हवेत बुरशी धरतेच. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते, हेड चकती खरवडतं, आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. ही चूक मी केली आहे. एका संस्थेच्या सभासदांची यादी तीन फ्लॉप्यांवर होती. पहिली वाचली गेली नाही, म्हणून घाईने दुसरी घातली. दुसरी चांगली होती, घालेपर्यंत. तिच्यावर गोल चरे उठले आणि त्या भागातली नावं कायमची गेली. त्या संस्थेच्या वयस्कर चिटणीसांनी मला एक शब्दही सुनावला नाही, उलट चहा दिला. त्या दिवसापासून प्रत्येक फ्लॉपी आधी उजेडात धरून फिरवून बघतो.

करायचं असं. साडेतीन इंची फ्लॉपीचं सरकतं झाकण मागे धरा, मधली धातूची चकती बोटाने हळू फिरवा आणि दोन्ही बाजू पाहा. ठिपके असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलका टेकवून, चकती फिरवत, पुसून घ्या. पूर्ण वाळू द्या. ड्राइव्हचं हेड प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर साफ करा. मग लिनक्सच्या कॉम्प्युटरला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून सबंध फ्लॉपीची इमेज काढा. फाइल-फाइल कॉपी करत बसू नका, चकतीची जशीच्या तशी नक्कल घ्या. १.४४ एमबी म्हणतात त्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटांची होते. आकडा जुळला की नक्कल पूर्ण.

सव्वापाच इंची फ्लॉपीला यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. त्याला जुना डेस्कटॉप आणि आतली ३४ पिनांची केबल लागते. ती केबल मध्ये पिळलेली असते. पिळाच्या पलीकडे लावलेला ड्राइव्ह ए: होतो, अलीकडचा बी:.

नव्या फ्लॉप्या मिळतील ही आशा सोडा. सोनीने २०११ मध्ये उत्पादन थांबवलं आणि बाजारात आहे तो जुना साठा. मशीनला रोज फ्लॉपी लागत असेल, तर गोटेक नावाची पेटी मिळते. ती फ्लॉपी ड्राइव्हच्याच जागी, त्याच केबलला बसते आणि पेन ड्राइव्हवरच्या इमेज मशीनला फ्लॉपी म्हणून दाखवते. फ्लॉपीवर चालणाऱ्या जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंगच्या) आणि भरतकामाच्या मशीनांना हिने नवं आयुष्य दिलं आहे.

मशीन सुरू होतं, पण 'हार्ड डिस्क सापडत नाही' म्हणतं. डिस्क गेली का?

बऱ्याचदा गेलेली नसते. बॅटरी गेलेली असते.

३८६, ४८६ च्या काळातल्या कॉम्प्युटरात हार्ड डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, ही हाताने भरलेली असतात आणि एका छोट्या बॅटरीवर जपलेली असतात. बॅटरी उतरली की कॉम्प्युटर मापं विसरतो. तारीखही मागे जाते, बहुतेक वेळा १ जानेवारी १९८० वर. डॉसचं पंचांगच त्या दिवशी सुरू होतं. तारीख १९८० दिसली आणि डिस्क हरवली, तर आधी बॅटरीकडे बघा.

मापं डिस्कच्या वरच्या लेबलावर छापलेली असतात. ती सेटअपमध्ये भरली की डिस्क उभी राहते. मशीन चालू आहे तोवरच ही मापं सेटअपमधून कागदावर उतरवा आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मी भेट दिलेल्या प्रत्येक कॅबिनेटमध्ये असा कागद आहे.

बॅटरी नाण्यासारखी असेल तर बदलायला सोपी. पण त्याआधीच्या मदरबोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या नळीसारखी ३.६ व्होल्टची बॅटरी डाखलेली असते. ती गळते. गळलेला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो आणि मग मदरबोर्डच जातो. ती दिसली तर चालू असली तरी काढून घ्या, बोर्ड स्वच्छ करा आणि वायरी काढून बाहेर दुसरी बॅटरी बसवा.

उघडलंच आहे तर पॉवर सप्लायही बघा. जुन्या एटी सप्लायचे मदरबोर्डला जाणारे दोन वेगळे कनेक्टर असतात, पी-८ आणि पी-९. ते उलटे लागू शकतात आणि उलटे लागले तर बोर्ड जळतो. नियम एकच: दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकांना लागून. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही, कारण गेल्या पंचवीस वर्षांतले कनेक्टर उलटे लागतच नाहीत.

हार्ड डिस्कच्या जागी आता काय लावायचं?

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. साध्या अडॅप्टरने ते जुन्या आयडीई केबलला डिस्क म्हणून बसतं, आवाज नाही, गरम होत नाही. फक्त मोठं कार्ड आणू नका. जुना बायोस १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टरांपलीकडे पाहत नाही, म्हणजे ५०४ एमबी. त्याहून नव्या मशीनवरही एमएस-डॉस (मायक्रोसॉफ्टचं डॉस) ६.२२ मध्ये डिस्कचा एक भाग, म्हणजे पार्टिशन, २ जीबीच्या वर जात नाही. एवढी जागा भरायला तुमच्या मशीनचे प्रोग्रॅम आणखी तीस वर्षं पुरणार नाहीत. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत अडॅप्टर विचारून पाहा.

डॉसला व्हायरसची भीती आहे का?

आजच्या चोरांना डॉसमध्ये रस नाही. पण डॉसमध्ये पासवर्ड नाही, वापरणाऱ्यांचे हक्क नाहीत, कुंपण काहीच नाही. जो कीबोर्डवर बसला तो मालक. म्हणून त्याला नेटवर्कला जोडू नका.

जुन्या फ्लॉप्यांत मात्र जुने व्हायरस अजून झोपलेले सापडतात. १९९० मध्ये भारतात आढळलेला 'जोशी' हा त्यातला आपल्याला जवळचा. तो फ्लॉपीच्या आणि डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा. ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला सांगायचा. ते टाइप केलं की वाट मोकळी. याच दशकात मंगळवार पेठेत दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी क्विक हील उभं केलं, आणि त्याची सुरुवात डॉसवरच्या अँटीव्हायरसनेच झाली. गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरांत येणाऱ्या व्हायरसांतून पुण्यात एक कंपनी उभी राहिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मुलगा डिप्लोमाला आहे. त्याला डॉस शिकवू का?

हा प्रश्न आया विचारतात तेव्हा मी पंधरा दिवसांचं उत्तर देतो. पंधरा दिवस शिकवा, त्याहून जास्त नको.

त्या पंधरा दिवसांत जे कळतं ते मोलाचं आहे. फाइल कुठेतरी 'मोबाइलमध्ये' नसते, तिला पत्ता असतो, डायरेक्टरीच्या आत डायरेक्टरी असते. बॅच फाइल लिहिली की दहा वेळचं काम एकदाच सांगून होतं. फाइल पुसली म्हणजे ती जात नाही. डॉस फक्त तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतं आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवतं. म्हणूनच पुसलेली फाइल परत आणताना डॉस विचारतं, "पहिलं अक्षर काय होतं?" हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा पुढे कधी जुना फोन नुसता 'डिलीट' करून विकत नाही. मायक्रोप्रोसेसरच्या विषयात ८०८६ ही चिप असेल, तर डॉसमधला डीबग हा प्रोग्रॅम उघडून एक-एक सूचना चालवताना रजिस्टर बदलताना दिसतात. फळ्यावर तीन तास घालवून ते दिसत नाही.

पण टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या कंपायलरबद्दल (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) माझं मत ठाम आहे. निळ्या पडद्याचं ते टर्बो सी++ ३.० अजून कित्येक लॅबांत डॉसबॉक्समध्ये चालवतात. सी++ ची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९८ मध्ये ठरली, हा कंपायलर त्याच्या आधीचा आहे. त्यावर शिकलेली मुलं जो कोड लिहितात तो आजच्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला अडतो. पूर्णांक १६ बिटांचा असल्यामुळे ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येतं, आणि मुलाला वाटतं आपलंच गणित चुकलं. हा चमत्कार एकदा दाखवायला टर्बो सी उत्तम. शिकायला जीसीसी हा आजचा कंपायलर घ्या, फुकट आहे.

आणि कमांड-लाइन म्हणजे फक्त डॉस नव्हे. हिंजवडीतल्या नोकरीत जी काळी खिडकी रोज लागते ती लिनक्सची. तिचं मूळ १९६९ च्या युनिक्समध्ये आहे, म्हणजे डॉसहूनही जुनं, आणि तरी ती आज जिवंत आहे. सोळाव्या दिवशी मुलाला तिच्यासमोर बसवा.

डॉस फुकट आहे का? कुठलं घ्यावं?

एमएस-डॉस फुकट नाही. त्याच्या १.२५, २.० आणि ४.०० या आवृत्त्यांचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने खुला केला आहे, शेवटचा २०२४ मध्ये. पण कामाला लागतं ते १९९४ चं ६.२२ त्यात नाही.

फ्रीडॉस घ्या. १९९४ मध्येच, मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार असं दिसल्यावर, जिम हॉल या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. १.० यायला २००६ उजाडलं आणि १.४ एप्रिल २०२५ मध्ये आलं. तीस वर्षं लोकांनी पदरचा वेळ घालून ते चालतं ठेवलं आहे. मशीनच्या प्रोग्रॅमला ते चालतं की नाही हे मात्र मूळ डिस्क बाजूला ठेवून, नकलेवर तपासा.

बाहेरच्या देशांत अजून कुणी असलं जुनं वापरतं, की आपणच?

सॅन फ्रान्सिस्कोच्या मुनी मेट्रोची भुयारातली गाडी-नियंत्रण यंत्रणा १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉपीवरून चालते. ती बदलायचं २१ कोटी २० लाख डॉलरचं कंत्राट २०२४ मध्ये मंजूर झालं. जपान सरकारने फ्लॉपीवर कागदपत्रं मागणारे हजाराहून जास्त नियम रद्द केले तेही २०२४ मध्येच. तेव्हा भोसरीच्या शेठनी संकोच करण्याचं कारण नाही.

कधी काढूनच टाकावं?

पैशाचा किंवा माणसांच्या आरोग्याचा चालू डेटा त्यावर असेल, तर आज. दोनपेक्षा जास्त माणसांना तोच डेटा एकाच वेळी लागत असेल, तर या वर्षात. आणि त्या मशीनची माहिती एकाच ऑपरेटर काकांच्या डोक्यात असून ते निवृत्तीला आले असतील, तर काढायची गरज नाही, पण त्यांच्याजवळ वही घेऊन बसायची गरज आहे. कोणती फ्लॉपी आधी, कोणती की दाबायची, कुठे थांबायचं. जुनेपणामुळे बंद पडलेली मशीन मी कमी पाहिली. एकच फ्लॉपी, एकच केबल, एकच जाणकार माणूस, आणि त्यातलं एक गेलं, अशी जास्त पाहिली.

तुम्ही येईपर्यंत आम्ही काय करून ठेवू?

मशीन चालू असेल तर चालू राहू द्या. गुरुवारच्या सुट्टीला बंद करायची पद्धत असेल, तर या आठवड्यापुरती थांबवा. वर्षानुवर्षं सतत फिरलेली हार्ड डिस्क एकदा गार झाली की पुन्हा फिरेलच असं नसतं. पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो काढा. मागच्या प्रत्येक केबलला चिठ्ठी लावा, मग फोटो काढा. टेबलाचे खण उपसा: फ्लॉप्या, डोंगल, पिवळी पडलेली इंग्रजी किंवा जर्मन पुस्तिका, जे मिळेल ते एका खोक्यात ठेवा, काही फेकू नका. भंगारवाला आधी येऊन गेला असेल, तर त्याचा फोन नंबर शोधा.

चेकडिस्क, स्कॅनडिस्क, फॉरमॅट यातलं काहीही चालवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि मशीन आत्ता बंद पडलेलं असेल, तर "एकदा लावून बघूया" म्हणून ते सुरू करू नका. डिस्क शेवटची एकदाच फिरणार असेल, तर ती वेळ नक्कल घेण्यासाठी लागेल.